लवकर निवृत्तीचा हिशेब: दुसऱ्याचा खर्च रुपयांत नाही, मापात विचारा

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये मी बावीस वर्षं हिशेब लिहिते. रोजकीर्द, खतावणी, मार्चअखेर तेरीज जुळवणं. हल्ली सगळं टॅलीवर असतं, पण आमच्या शेटजींना लाल कापडाची वही उघडल्याशिवाय पैसे मोजल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून दोन्ही चालतं. माझं वय ४६. पन्नाशीच्या आसपास नोकरी सोडायची असं डोक्यात आहे. कारण काही फार थोर नाही. मे महिन्याच्या उन्हात गाडीवरून बँकेत चेक भरायला जाणं आता नको वाटतं, आणि डावी टाच दुखते.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी पहिला आकडा काढला. फेब्रुवारीचा घरखर्च बघितला, ३१ हजार. खात्री करून घ्यावी म्हणून आजूबाजूला विचारलं. यावल तालुक्यात शेती करणारा माझा दादा म्हणाला, "आम्हाले काय लागते? बारा हजारांत महिना निघतो." भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, अठ्ठावीस. मी खूश. म्हणजे आपण जरा सढळच धरलंय, असा उलट दिलासा मिळाला. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी हवी असं सगळे सांगतात (त्याचं मूळ शेवटी येईल), म्हणून ३१ हजार गुणिले १२ गुणिले २५, झाले ९३ लाख. एवढी पुंजी झाली की राजीनामा.

असा हिशेब मिलमधल्या नव्या पोराने माझ्यासमोर ठेवला असता तर मी त्याला संध्याकाळपर्यंत उठू दिलं नसतं. वर्षभर नीट तपासल्यावर तोच आकडा १ कोटी ८६ लाखांवर गेला. बरोबर दुप्पट. मधल्या काळात आमची राहणी रुपयानेही वाढलेली नाही. तुलना कशी करायची एवढंच मी शिकले, आणि तेच इथे लिहिते आहे.

आधी स्वतःची वही, तीही बारा महिन्यांची

फेब्रुवारी हा आपल्याकडचा सगळ्यात फसवा महिना. कूलर माळ्यावर, कोठीत अजून मागच्या वर्षीचा गहू, मोठा सण नाही, फीची तारीख नाही. त्या महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधणं म्हणजे उन्हाळ्यातली गिरणा बघून पुलाची उंची ठरवण्यासारखं.

खान्देशातल्या घराचा खर्च सारखा वाहत नाही, तो लोंढ्याने येतो. एप्रिल-मेमध्ये आम्ही वर्षाचा गहू भरतो, तीन क्विंटल. सोबत पन्नास किलो दादर (आमच्याकडची ज्वारी), वर्षाची मिरची आणि काळा मसाला, बिबडे, कुरडया, उडदाचे पापड. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही नणंदा माहेरी येतात. त्यांच्या साड्या, भाच्यांचे कपडे, आमरस-पुरणपोळीचे चार दिवस. कूलरचं गवत बदलायचं, नाहीतर त्याचा पंप जळालेला असतो. जूनमध्ये कॉलेजची फी. श्रावणात कानबाईचा सण, आणि भाऊबंदांचे रोट (तिच्या नैवेद्याचं जेवण) आमच्या घरी असले की त्या रविवार-सोमवारचा खर्च महिन्याच्या किराण्याला टेकतो. मग दिवाळी, विम्याचे हप्ते, घरपट्टी, आणि लग्नसराईत दर आठवड्याला आहेराचं पाकीट.

माझ्या वहीत मे महिना ८१ हजारांचा निघाला आणि फेब्रुवारी ३१ चा. वर्षाची बेरीज ५ लाख ६४ हजार, म्हणजे सरासरी महिना ४७ हजार. पहिल्याच पानावर सोळा हजारांची चूक.

फोनवरचा यूपीआयचा हिशेब कामाचा आहे, पण त्यात कामवाल्या मावशी नाहीत, आहेराची पाकिटं नाहीत, सासूबाईंच्या हातात दिलेले पाचशे नाहीत. एटीएममधून काढलेली रोख आणि वहीत लिहिलेला रोखीचा खर्च यांतला फरक दर महिन्याला 'किरकोळ' खात्यात टाका. दालमिलमध्ये किरकोळ खातं फुगलं की मी ओळखते, कोणीतरी काहीतरी लपवतंय. घरातही तसंच, आणि इथे लपवणारे आपणच असतो. माझं पहिल्या तिमाहीत महिन्याला चार हजार निघालं. त्यातले दीड हजार मिस्टरांच्या दुकानावरच्या चहा-कचोरीचे होते, हे कळायला आठ दिवस लागले.

एसआयपी आणि आरडी खर्चात धरू नका, त्यांना वेगळं पान. सोनं खर्च की गुंतवणूक, यावर जळगावसारख्या सुवर्णनगरीत राहून वाद घालू नये. मी लेकीसाठी घेतलेलं गुंतवणुकीत धरते आणि माझ्या हौसेचं खर्चात.

माप विचारा

आता दुसऱ्यांकडे जायचं. इथे पहिली अडचण अशी की कोणी खरा आकडा सांगत नाही. खोटं बोलतात असं नाही. त्यांनाही तो माहीत नसतो. "महिन्याला किती लागतात?" असं विचारलं की माणूस त्याच्या मनातल्या स्वतःच्या चित्राला शोभेल असा आकडा सांगतो. काटकसरी असल्याचा अभिमान असेल तर कमी, पोरगा बंगळुरूला असेल तर जास्त.

मी चुकून योग्य प्रश्नावर आले. जानेवारीत दादाच्या शेतात भरीत पार्टी होती. बामणोदची हिरवी-पांढुरकी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याची पुरी. (पुरीच्या नावाने कोणी नाक मुरडलं तर त्याने ती कधी खाल्लेली नाही असं समजावं.) वहिनीला सहज विचारलं, "गहू किती भरला यंदा?" ती म्हणाली, "भरायचा कशाले? घरचाच पाच पोते ठेवला." मग मी विचारतच गेले. दूध किती? घरच्या म्हशीचं रोज तीन लिटर लागतं. दादर? दीड क्विंटल. तुरीची डाळ? घरचीच. भाजी? बांधावरची.

रात्री जळगावला परत आल्यावर मी या मापांना आमच्या बाजाराचे भाव लावले. तीन लिटर दूध रोज, साठ रुपयांनी, महिन्याचे ५,४०० झाले. पाच क्विंटल गहू तीन हजारांनी, महिन्याला १,२५०. दादरचे ५००, डाळ-हरभऱ्याचे ६००, भाजीचे दीड हजार. एकूण ९,२५०. दादाचे बारा हजार म्हणजे खरे सव्वाएकवीस हजार. वर दवाखाना, लग्नकार्य, मोटरसायकल, हे सगळं तो महिन्याच्या खर्चात मोजतच नाही. ते केळीच्या पट्टीतून, म्हणजे केळी विकून आलेल्या पैशातून जातं. पट्टी चांगली आली तर जातं, वादळाने बाग झोपली तर सोसायटीचं कर्ज वाढतं. दादा माझ्याशी खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी जे खिशातून जातं तो खर्च, आणि जे शेतातून येतं तो देवाचा प्रसाद.

म्हणून माझा नियम: क्विंटल, लिटर, डबा, युनिट, सिलिंडर. गहू किती भरता, तेलाचा पंधरा किलोचा डबा किती महिने जातो, सिलिंडर किती दिवस पुरतो, मे महिन्याच्या बिलावर किती युनिट आणि जानेवारीच्या बिलावर किती, गाडीत महिन्याला किती लिटर पेट्रोल, कामाला बाई किती तास. याची उत्तरं लोक न लाजता देतात. उलट कौतुकाने देतात. कमाई विचारल्यासारखं त्यात काहीच नसतं, आणि भाव लावायचं काम तुमच्या हातात राहतं. विजेचं माप तर फार बोलकं: महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे दोन घरांच्या युनिटमध्ये दुपटीचा फरक असला तर बिलात त्याहून जास्त दिसतो. रुपये बघून तुम्ही म्हणाल ते उधळे आहेत, युनिट बघितलं तर त्यांच्याकडे एक कूलर जास्त असतो एवढंच.

'कोण भरतं?' हा रकाना

माझ्या वहीत प्रत्येक खर्चाच्या ओळीपुढे आता हा रकाना आहे. भुसावळच्या काकांचे २८ हजार घ्या. दोघंच माणसं. औषधपाण्याची ओळ जवळजवळ कोरी, कारण रेल्वेचं हॉस्पिटल आहे. प्रवासाची ओळ कोरी, पास आहे. पेन्शनवरची महागाई जानेवारीत आणि जुलैत वाढते, तेव्हा पुढच्या वीस वर्षांत तुरीच्या डाळीचं काय होईल याची चिंता त्यांनी करायची गरजच नाही. ती सरकार करतं. शिवाय ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवलेत, तिची मर्यादा २०२३ पासून ३० लाख झाली आहे. ती योजना साठीनंतरची. पंचावन्ननंतर रीतसर निवृत्ती किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेल्याला आधी मिळते, पण पन्नाशीत राजीनामा देणाऱ्या दालमिलच्या बाईला नाही. पीएफच्या पेन्शनचंही तसंच: पूर्ण पेन्शन ५८ ला. दहा वर्षं नोकरी झाली असेल तर ५० पासून घेता येते, पण ५८ च्या अलीकडच्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापून. पन्नासाव्या वर्षी घेतली तर ३२ टक्के कमी, आणि ती कायमची कमी.

काकांचा वाण्याचा हिशेब मला चालतो. दवाखान्याचा चालत नाही.

अमळनेरकडच्या मित्रमंडळींबाबत आणखी जपून. विप्रोचा जन्म अमळनेरच्या तेलगिरणीत झाला, १९४५ साली, आणि तिथल्या कित्येक घरांत त्या कंपनीचे जुने शेअर पिढीजात आहेत. अशा घरातल्या माणसाने पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली तर त्याच्या किराण्याशी तुलना करा, धाडसाशी करू नका.

पुण्याची धाकटी बहीण मात्र सगळ्यात जास्त शिकवून गेली. तिचा महिना ९६ हजार. ऐकून मी गारच. पण घरभाडं २६, मुलाची शाळा १२, मोटारीचा हप्ता १४ बाजूला काढले तर उरले ४४ हजार. तिच्याकडे दोन मोठे आणि नऊ वर्षांचा एक. आमच्याकडे मिस्टर, मी, सासूबाई आणि कॉलेजातली लेक, चौघं मोठे. सरळ डोक्यांनी भागायचं तर अन्याय होतो, कारण घर, फ्रीज, वायफाय माणसागणिक वाढत नाही. त्यासाठी एक सोपं प्रमाण आहे, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत वापरतात ते: पहिल्या मोठ्या माणसाला १, पुढच्या प्रत्येक मोठ्याला ०.५, चौदा वर्षांखालच्या मुलाला ०.३. आमचं घर झालं २.५, तिचं १.८. शिक्षण वजा जाता माझे ३८ हजार भागिले २.५, म्हणजे १५,२००. तिचे ४४ हजार भागिले १.८, सुमारे २४,४००.

या फरकाचं मूळ शोधायला आम्ही दोघी दिवाळीत एक दुपार वही घेऊन बसलो. स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या बाई, बाहेरून मागवलेलं जेवण, पोराचे क्लास, या तीन ओळींत जवळपास सगळा फरक सापडला. दूध, गॅस, भाजी यांत आम्ही बहिणी तशाच निघालो. म्हणजे पुणं महाग म्हणून नव्हे, तिथे तिला वेळ नाही म्हणून. मी नोकरी सोडल्यावर माझ्याकडे वेळ असणार, तेव्हा त्या ओळी मला नकोत.

मग तिने माझी वही ओढली. "ताई, डाळ कुठंय तुझी?" मी म्हटलं, मिलमधून येते. "कितीला?" पडत्या भावात. "फोनचं रिचार्ज?" मिल करते. "आजारपणाची पॉलिसी?" मिलची ग्रुप पॉलिसी आहे. "आणि उन्हाळ्यात सकाळी नऊ ते सहा तू कोणाच्या कूलरखाली बसतेस?"

वर्षभर मी सगळ्यांच्या पुढे 'कोण भरतं' लिहीत होते, आणि माझ्याच चार ओळींपुढे मिल लिहायची राहिली होती. तुमची वही दुसऱ्याला दाखवायची ती यासाठी. आपला फुकटचा माल आपल्याला दिसत नाही, बहिणीला लगेच दिसतो. शेवटी ती म्हणाली, रंगकाम कुठंय? गाडी बदलायची कुठंय? वहीत नव्हतं, कारण त्या वर्षी ना रंग लावला ना गाडी घेतली.

भिशीतल्या चिठ्ठ्या

एकेकाशी तुलना केली की त्याच्या स्वभावाचा रंग लागतो. म्हणून आमच्या भिशीत मी एक खेळ केला. अकरा जणी. प्रत्येकीने किराणा, दूध, भाजी, धान्य यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत आणि घरातल्या माणसांत भागून चिठ्ठीवर लिहायचा, नाव नाही. चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावल्या. सगळ्यात खालची २,९००, सगळ्यात वरची ६,८००. वरच्या चिठ्ठीत हॉटेलची शेवभाजीसुद्धा धरली असणार, अशी आमची शंका. सरासरी काढत बसलो नाही. मधली, सहावी चिठ्ठी बघितली. ४,१००. माझी ३,९००. इथे माझा हिशेब सरळ आहे, एवढं कळलं आणि त्या ओळीवर पुन्हा वेळ घालवला नाही.

सरकारी आकडाही आहे. ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळातल्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशभराची सरासरी माणशी महिना खेड्यात ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाली. चौघांचं शहरातलं घर म्हणजे २८ हजार. त्यावर निवृत्तीचा बेत करू नका. त्या सरासरीत सगळे आले, आणि कर्जाचे हप्ते त्यात खर्च म्हणून धरत नाहीत. पण दोन गोष्टी त्यातून घ्याव्या. एक, घरच्या शेतातलं जे खाल्लं त्यालाही तिथे किंमत लावतात, म्हणजे मी दादाच्या गव्हाला भाव लावला तीच रीत. दुसरी, बेरीज सोडून वाटा बघा. शहरी खर्चात खाण्याचा वाटा सुमारे ४० टक्के, ग्रामीण खर्चात ४७. माझ्या घरात शिक्षण सोडून ४१ निघाला. तुमचा २० निघाला तर एकतर तुमची मिळकत चांगली आहे किंवा खाण्याचा बराच खर्च तुम्ही 'फिरणं' नाहीतर 'किरकोळ' या नावाखाली लपवलाय. ६० निघाला तर बाकीच्या ओळी लिहायच्या राहिल्यात.

ज्याने नोकरी सोडली आहे त्याला वेगळे प्रश्न

आमच्या मिलमधले अण्णा दोन वर्षांपूर्वी ५२ व्या वर्षी घरी बसले. खर्च कमी झाला का, विचारलं तर हसले. "ताई, पहिले सहा महिने कमी झाला. मग दिवस मोठा वाटायला लागला." दिवसा कूलर, दोनदा जास्त चहा, लेकीकडे नाशिकला फेऱ्या, पाटणादेवी, उनपदेव, मनुदेवी, सगळी देवस्थानं करून झाली, मग दक्षिणेची सहल. शिवाय घरी आहे म्हणून प्रत्येक लग्नाला जाणं आलं. आधी "ड्यूटी आहे हो" म्हणून सुटका होत असे. आता आहेरही दुप्पट.

अशा माणसाला तीनच गोष्टी विचारा: सोडल्यावर कोणता खर्च थांबला, कोणता नव्याने सुरू झाला, आणि कोणता अंदाजापेक्षा वेगळा निघाला. एकूण किती लागतात ते विचारू नका.

माझी बेरीज

वर्षाची सरासरी ४७,०००. त्यातून लेकीच्या शिक्षणाचे ९,००० काढले, त्यासाठी वेगळी ठेव आहे. लग्नासाठीही वेगळी, तीही या हिशेबाबाहेर. नोकरीमुळे होणारा खर्च, म्हणजे पेट्रोल, ऑफिसातल्या वर्गण्या, दोन-चार साड्या, मिळून २,६००, तेही गेले. उरले ३५,४००.

आता लोकांच्या वह्यांमुळे सापडलेल्या ओळी. आम्हा दोघांची आरोग्य पॉलिसी महिन्याला ३,८०० पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा दिलासा. डाळ आणि दिवाळीचे डबे बाजारभावाने ६००. रिचार्ज ३००. दिवसाचा कूलर-पंखा वर्षाच्या सरासरीने ९००. गाडी दहा वर्षांनी, रंग आठ वर्षांनी, फ्रीज-मोटर-फोन अधूनमधून, सगळं महिन्यावर पसरलं तर २,९००. दात आणि चष्मे ५००. अण्णांच्या अनुभवावरून फिरणं आणि आहेर २,५००. ही भर ११,५०० ची.

एकूण ४६,९००. म्हणजे फिरून तिथेच, पण आतल्या ओळी निराळ्या.

सासूबाईंचा खर्च वजा करून बघा, असं एका ओळखीच्या सल्लागाराने सुचवलं. त्यांना मी चहा दिला आणि विषय बदलला. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मानमध्ये पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं, सासूबाईंचं कार्ड काढून ठेवलंय, एवढंच. लेक उद्या नोकरीला लागली तर घर २.५ वरून २ वर येईल, म्हणजे खर्च पाचव्या हिश्शाने उतरेल, चौथ्या नाही. मी तोही उतरवला नाही. आखाजीला ती येणारच.

मिस्टरांचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. त्याची मिळकत मी धरली नाही. परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन गेल्यापासून त्या मशीनवर धूळ जास्त आणि कागद कमी.

राहिला गुणाकार. २५ पट हे जे सगळे सांगतात त्याचं मूळ विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराच्या १९९४ च्या लेखात आहे. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग काढायचा, पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची, आणि पुंजी ३० वर्षं पुरायला हवी. आकडे अमेरिकेचे, शेअर आणि रोखे मिळून. माझ्या आजीने नव्वदी गाठली. पन्नासाव्या वर्षी थांबले तर मला चाळीस वर्षं धरायला हवीत, आणि महागाई इथली. म्हणून मी ३ टक्के धरले, म्हणजे ३३ पट. ४६,९०० गुणिले १२ गुणिले ३३, सुमारे १ कोटी ८६ लाख.

या गुणाकारातून एक चांगलं माप मिळालं: महिन्याचा विसरलेला हजार रुपये म्हणजे जवळपास ४ लाखांची पुंजी. दादाच्या दुधाचे ५,४०० मी माझ्या बेतात फुकट धरले असते तर २१ लाखांची चूक झाली असती. आता भिशीत कोणी "आम्हाला काही लागत नाही बाई" म्हणाली की मी मनात चाराने गुणते.

९३ लाखांच्या हिशेबाने मी ४८ ला मोकळी होत होते. आता ५२ दिसतंय. मिस्टर म्हणाले, बहिणीला वही दाखवली नसती तर बरं झालं असतं.

एक ओळ अजून अंदाजाची आहे, ती म्हणजे दिवसाच्या कूलरचे ९००. ती कोणाच्या घरून आणता येत नाही. आमच्या घराची भिंत पश्चिमेची, आणि वरच्या मजल्यावर गच्ची. म्हणून यंदा मे महिन्यात पंधरा दिवसांची हक्काची रजा टाकली आहे. कुठेही जायचं नाही. घरीच राहायचं, निवृत्त माणसासारखं, आणि सकाळ-संध्याकाळ मीटरचं रीडिंग लिहायचं. वहीत पंधरा ओळी आखून ठेवल्यात. सासूबाईंनी विचारलं, "सुट्टीत घरी बसून काय करणार?" म्हटलं, कूलर मोजणार. त्या म्हणाल्या, "मग गवत आधी बदलून घे."